स्टुडिओ उघडताना पहिला मान तंबोऱ्याला

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या स्टुडिओच्या उद्घाटनाची पत्रिका पोचली. मिरजेतले सतारमेकर, दर्ग्याच्या उरुसात गाणारी मंडळी, भजनी मंडळं, तबला शिकणारी पोरं, सगळे येणार हे वाचून फार आनंद झाला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. जिथं तंबोरा घडतो तिथंच त्याचं नीट ध्वनिमुद्रण व्हायला हवं. म्हणून पहिलं रेकॉर्डिंग खऱ्या तंबोऱ्याचं कर, मोबाइलवरच्या ॲपचं नको.

तंबोरे आदल्या रात्रीच आत आणून ठेव आणि एसी रेकॉर्डिंगच्या दिवशीच्याच तापमानावर चालू ठेव. तारा गार झाल्या की आखडतात आणि सूर चढतो. हवा कोरडी झाली की लाकूड आणि भोपळाही हलतो. मग तारेतले, बारीक सूर लावायचे मणी सरकवून भागत नाही, खुंट्या पिळत बसावं लागतं. प्रत्यक्ष रेकॉर्डिंग चालू असताना मात्र एसी बंद.

जवारी, म्हणजे घोडीवर (तारांखालच्या पुलावर) तार टेकून उठणारा झणकार, स्टुडिओतच, गायकाच्या पट्टीत (तो ज्या सुरात गाणार त्यात) तार लावून, जुळवून घे. गजबजलेल्या दुकानात गोड वाटलेली जवारी माइकसमोर करकरते. पट्टी बदलली की तारेचा ताण बदलतो, म्हणून प्रत्येक तारेखालचा दोरा पुन्हा केसभर सरकवावा लागतो. हे काम कारागिराच्याच हातून होऊ दे आणि त्याला भरपूर वेळ दे. घाई झाली की हमखास खर्जाची तार बसकी राहते.

कंडेन्सर माइक (बारीक आवाजही टिपणारा) घोडीच्या रोखानं, ३५-४० सेंटिमीटरवर लाव. भोपळ्याला चिकटवलास तर नुसता घुमारा येईल. दोन तंबोरे असतील तर एका माइकचं त्याच्या वाद्यापासून जितकं अंतर, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये राहू दे. नाहीतर एकच आवाज दोन्हीकडे किंचित मागंपुढं पोचतो आणि एकत्र केल्यावर पोकळ होतो. पेटीला माइक वरून, भात्यापासून लांब.

खोली रिकामी असताना टाळी वाजवून बघ. समोरासमोरच्या उघड्या भिंतींतून 'टर्र' ऐकू आलं तर तिथं १०० मिलिमीटर जाडीचं रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) लाव, मागं तेवढीच पोकळी सोडून. अंड्यांचे ट्रे कुणी सुचवले तर ऐकू नकोस. ते आवाज अडवत नाहीत आणि पेट मात्र लगेच घेतात. चार मीटर लांबीच्या खोलीत साधारण ४३ हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले सूर फुगतात. त्यामुळं डग्गा एका जागी अंगावर येतो, दोन पावलं सरकलं की गायब होतो. अशा वेळी इक्वलायझरला (सूर कमी-जास्त करायच्या बटणांना) हात लावू नकोस, वादकाची बैठक हलव. खोलीचा अगदी मध्य टाळ.

माणसं बसली की तीही आवाज शोषतात. म्हणून आत पंधरा-वीस श्रोतेच घे आणि त्यांना बसवूनच माइकची पातळी ठरव. बाकीच्यांची सोय बाहेर मांडवात, पण तिथल्या स्पीकरचं तोंड स्टुडिओकडं नको. दाराखाली बोटभर फट राहिली तरी मांडवातला आवाज आत शिरतो. मांडवाच्या दिव्यांची आणि स्पीकरची वीजही वेगळ्या लाइनवर घे, नाहीतर ५० हर्ट्झची गुणगुण तंबोऱ्याखाली बसेल आणि मग काढता येणार नाही. अर्थिंग आणि न्यूट्रल यांच्यामधला विजेचा दाब मीटरनं मोजून घे. दोन व्होल्टच्या वर गेला तर आधी इलेक्ट्रिशियन बोलव.

रेकॉर्डिंग २४ बिटवर कर. तार सप्तकातली तान आणि तबल्याची थाप अचानक उसळते, म्हणून सर्वांत मोठा आवाजही रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे दहा डेसिबलच्या खाली राहू दे.

किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या काळी ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकडीच्या एका बाजूत जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. आता ती अडचण नाही. गाण्याआधी दोन मिनिटं आणि नंतर दोन मिनिटं नुसता तंबोरा चालू दे. पुढं संकलन करताना जोड द्यायला तोच कामी येतो. टाळ्या पडायच्या आधी रेकॉर्डिंग थांबवू नकोस.

जेवायला जाण्यापूर्वी दोन वेगळ्या डिस्कवर प्रती काढ. फाइलच्या नावात पट्टी लिही, तंबोरा कुणी घडवला आणि जवारी कुणी काढली तेही लिही. एक प्रत त्या कारागिराच्या घरी पोचती कर.

तुझे
बाबा