१.५२ वर न थांबलेल्या ताईंना

नमस्कार ताई,

तुमचं नाव मला माहीत नाही. गळ्यातलं ओळखपत्र उलटं झालं होतं आणि विचारायचं राहून गेलं. रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या डॉप्लर यंत्राच्या खोलीत माझ्या बाबांचे पाय तपासलेल्या ताई, एवढीच ओळख. बाबा म्हणजे तेच, ज्यांना तुम्ही तीनदा बजावलंत, "काका, बोलू नका, प्रेशर बदलतं."

आम्ही आलो तेव्हा एक रिपोर्ट आधीच हातात होता, दुसरीकडे मशीनवर काढलेला. घोट्याचं प्रेशर भागिले दंडाचं प्रेशर, उजवा पाय १.५२. हा आकडा ०.९० किंवा त्याखाली आला तर पायाच्या धमनीत अडथळा, एवढं मी वाचलं होतं. मग १.५२ म्हणजे उत्तमच की! तिथेही "रक्तपुरवठा झकास आहे, मणक्याचं बघा" असं सांगून आम्हाला वाटेला लावलं होतं. बाबा खूश. पोटरीत गोळे येतच होते, पण आता ते मणक्याच्या नावावर जमा झाले होते.

तुम्ही तो कागद पाहिलात आणि विचारलंत, "शुगर किती वर्षं आहे?" १९ वर्षं. मग लगेच, "चालताना दुखलं की नुसतं उभं राहून थांबतं, की बसावंच लागतं?" बाबा विचार करत बसले, म्हणून मीच बोलले. ते बसत नाहीत. रस्त्याच्या कडेला उभे राहतात, मोबाइल काढून काहीतरी महत्त्वाचं वाचत असल्यासारखं करतात आणि दोन मिनिटांनी पुढे निघतात. हे नाटक आम्ही वर्षभर बघतोय. तुम्ही हसलात आणि म्हणालात, मणक्याच्या दुखण्याला बहुतेक वेळा बसावं किंवा वाकावं लागतं. रक्त कमी पडून दुखत असेल तर थांबलं तरी पुरतं.

मग तुम्ही सगळं पहिल्यापासून केलंत. आधी दहा मिनिटं उताणं पडून राहायचं. दोन्ही दंडांचं प्रेशर, जास्त असेल ते धरायचं: १३८. मग घोट्याला पट्टा, थंडगार जेल आणि पेनाएवढा डॉप्लर. डाव्या पायाचा आवाज चाबकासारखा, फट् आणि मागोमाग हलकासा प्रतिसाद. उजवीकडे मात्र नुसता वाऱ्यासारखा, हूऽऽ हूऽऽ. मला यातलं काही कळत नाही, पण त्या दोन आवाजांतला फरक मलाही ऐकू आला. पट्टा फुगवत नेलात तरी तो हूऽऽ बंद होईना. २१० ला कुठे थांबला. भागाकार पुन्हा १.५२ च आला.

इथे कुणीही रिपोर्ट छापला असता. तुम्ही म्हणालात, "हा आकडा रक्ताचा नाही, कडक झालेल्या भिंतीचा आहे." मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साठतं, पट्ट्याने ती दाबली जात नाही आणि प्रेशर खोटंच जास्त दिसतं. म्हणून १.४० च्या वरचा आकडा चांगला नव्हे, भरवशाचा नसलेला. पायाच्या बोटातल्या बारीक धमन्या सहसा एवढ्या कडक होत नाहीत, तेव्हा मोजायचं तिथे.

आणि मोजण्याआधी तुम्ही ब्लँकेट आणलंत. बाबांचे पाय गार पडले होते. गारठ्याने बोटांतल्या नसा आकसतात आणि प्रेशर उगाच कमी येतं, म्हणून पाय गरम होईपर्यंत तुम्ही थांबलात, बाहेर रांग असताना. मग अंगठ्याला अंगठीएवढा पट्टा आणि प्रकाशावर चालणारा तो छोटा सेन्सर. डावा १०२. उजवा ५८. भागिले १३८, ०.४२. ०.७० च्या खाली गेलं की गडबड, हे तुम्ही सांगितलंत, आणि पुढे, "बाकीचं डॉक्टर सांगतील." तेव्हा राग आला होता. आता वाटतं, बरोबरच केलंत.

पुढचं थोडक्यात. सोनोग्राफीत उजव्या मांडीच्या धमनीत अरुंद भाग सापडला. तूर्त ऑपरेशन नाही. कोलेस्टेरॉलची आणि रक्त न गोठण्याची गोळी, सिगारेट बंद (हे युद्ध वेगळं, त्यावर लिहीत नाही) आणि चालणं: दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. चपलेने घासून अंगठ्याला झालेला ओरखडा, जो तुम्ही नखाशी बोट नेऊन आम्हाला दाखवलात, तो आता भरलाय. आम्ही तर त्याकडे पाहिलंही नव्हतं. मणका म्हणून वर्ष काढलं असतं तर त्याचं काय झालं असतं, हा विचार मी रात्री करते, दिवसा नाही.

सुई नाही, रंग टोचणं नाही, कुठे काप नाही. दोन पट्टे, जेल आणि एक ब्लँकेट. आणि तुमचा कान. मनापासून आभार, ताई.

पुढच्या महिन्यात पुन्हा मोजायला येतोय. बाबांनी विचारलं, त्याच ताई असतील का? या वेळी गप्प पडून राहीन, असं कबूलही केलंय. माझा विश्वास नाही.

तुमच्या "बोलू नका" काकांची मुलगी