आजीच म्हणाली, मग प्रार्थना केली

संपादक महोदय, स.न.वि.वि.

आमच्या मिरजेत १८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं, म्हणजे इथं सेवा आणि सुवार्ता जोडीनंच आली. आमच्या चर्चच्या बायका रविवारी उपासना झाली की दवाखान्याबाहेर पेशंटच्या नातेवाईकांना गरम खिचडी घेऊन जातात, मीपण जाते. मागच्या महिन्यात कर्नाटकातली एक आजी पायरीवर बसलेली, नातू आयसीयूत, डबा उघडून दिला तरी हात लावेना, मग आमच्यातल्या एक मावशी नुसत्या शेजारी बसून राहिल्या आणि अर्ध्या तासानं आजीच म्हणाली, तुमच्या देवाला सांगा की माझ्या पोराचं. तेव्हा प्रार्थना केली, आधी नाही. तर कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढून ‘धर्मांतर चालू’ म्हणून ग्रुपवर फिरवला, फार वाईट वाटलं हो. घटनेच्या कलम २५ मध्ये धर्माच्या प्रचाराची मोकळीक आहे, जबरदस्तीला आमचाही विरोधच आहे, आणि आजार बरा करतो म्हणून सांगत फिरणारे प्रचारक तर मला अजिबात पटत नाहीत. व्हिडिओ काढणाऱ्यांनी एका रविवारी आमच्याबरोबर यावं, वाढायला माणसं कमीच पडतात.

– एक वाचक, मिरज