वहीत नाही ते झालेलं नाही

काका, सप्रेम नमस्कार.

माझी जुनी गाडी तुम्ही सुधारलीत, त्याचे तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चा घे पयलीं" म्हणून विषय मोडता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. आता मोडून दाखवा.

मडगावहून 2011 ची डिझेल इनोव्हा आणली तेव्हा मीटर 1,87,000 दाखवत होता. घरचीच गाडी, सगळी कामं वेळेवर, असं विकणाऱ्यानं शपथेवर सांगितलेलं. सर्व्हिसच्या पुस्तिकेत पहिल्या दोन वर्षांचे शिक्के आणि पुढे कोरी पानं. मी ते हसून सोडून दिलं होतं. तुम्ही बॉनेट उघडलंत, एअर फिल्टरच्या डब्यावरचा मळ फडक्यानं पुसलात आणि खालून कुठल्याशा गॅरेजचं स्टिकर निघालं: ऑइल बदलले, 2,11,400. मीटरपेक्षा चोवीस हजार जास्त! मी फोन काढून त्या माणसाला झाडायला निघालो, तर तुम्ही म्हणालात, "झगडूंक मागीर वच. पयलीं गाडी पळोवया." भांडायला नंतर जा, आधी गाडी बघू.

कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या एसटीच्या, डेपोत आयुष्य काढलेल्या माणसाला गाडी बघणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी मी हात लावायचा नाही, स्टार्टर तुम्ही मारणार. इंजिन गरम झाल्यावर ऑइलचं झाकण उघडून वाफ किती फेकतंय ते पाहिलंत. स्टेपनी उलटी करून टायरवरचे चार आकडे वाचलेत: 1411, म्हणजे 2011 सालचा चौदावा आठवडा. स्टेपनी गाडीएवढीच म्हातारी, कधी बदललीच नव्हती. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी विहिरीचं पाणी, चिऱ्याच्या रंगाचं. "इंजीन बरें आसा, राखणारो बरो नाशिल्लो," एवढाच निकाल.

मग ती चाळीस पानी वही. पहिल्या पानावर तुम्ही लिहिलंत, "बरोवंक ना तें करूंक ना." ज्याची नोंद नाही ते काम झालंच नाही असं धरायचं आणि शून्यापासून सुरुवात करायची. मला हे महागडं वाटलं होतं, खरं सांगतो. मे महिना, घामाच्या धारा, मला आधी एसी हवा होता. तुम्ही मात्र टायमिंग बेल्टवर अडून बसलात. कव्हर उघडलं तर पट्ट्याच्या दातांच्या मुळाशी भेगा आणि एका कडेला तेल. हा पट्टा तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि अख्खं इंजिन उतरवावं लागतं, हे तुम्ही मला बोटं एकमेकांवर आपटून दाखवलंत. पट्टा आणि त्याला ताणून, वळवून धरणाऱ्या पुल्या, म्हणजे टेन्शनर आणि आयडलर, एकदमच बदलले. एसी पावसाळ्यानंतर झाला, आणि तेव्हा त्याची गरज उरली नव्हती, हेही नोंदवून ठेवतो.

ब्रेक ऑइलबद्दल वेगळं लिहायला हवं. ते हवेतली ओल शोषतं आणि मग गरम झालं की लवकर उकळतं, हे मला ठाऊकच नव्हतं. आपल्याकडे तर जूनपासून कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. नळीतून निघालेलं ते ऑइल काळ्या चहासारखं होतं. पुढच्याच महिन्यात बेळगावहून सासरच्या मंडळींना घेऊन अनमोड घाट उतरलो. मागे सासूबाई, मांडीवर धाकटी, समोर खनिजाचा ट्रक. पेडल शेवटपर्यंत टणक राहिलं. मोल्याला खाली पोचल्यावर मी तुम्हाला फोन केला आणि बोलायला काही सुचलं नाही. तुम्ही विचारलंत, "दुसऱ्या गिअरांत देंवलो मरे?" उतरलो होतो.

बाकी वहीत आहेच: डिझेल फिल्टरमधलं पाणी काढणं, दाराखालची पाणी जायची भोकं काडीनं मोकळी करणं, समुद्राकडे जाऊन आलं की चासीवर गोड्या पाण्याचा फवारा. जुन्या इंजिनला फ्लश मारू नकोस, त्यापेक्षा पहिलं ऑइल तीन हजार किलोमीटरांतच बदल, हेही. एकदा तुमचंही चुकलं होतं. पुढच्या चाकाचा खडखडाट तुम्ही लोअर आर्मच्या बुशावर ढकललात आणि निघाली स्टॅबिलायझरची लिंक. ती नोंद तुम्ही स्वतःच लाल पेननं केलीत: "चूक म्हजी."

मजुरी घेतली नाहीत. मानकुराद आंब्यांची पेटी आणली तर अर्धी परत पाठवलीत.

नोंदणीची पंधरा वर्षं भरत आली आहेत. पुढच्या पाच वर्षांसाठी आरसी नवी करायची तर गाडी तपासणीला उभी करावी लागेल. त्या आधी हँडब्रेक आणि मागचे ड्रम एकदा तुमच्या नजरेखालून घालायचे आहेत. आणि हो, तुमचा बारा नंबरचा पाना अजून माझ्या डिकीत आहे. रविवारी घेऊन येतो.

तुमचा,
कुंपणापलीकडचा
कवळे, फोंडा