कोरडा चमचा तोंडात टाकू नका

ती. बाबा आणि आई,
सा. न.

काल आईनं फोनवर हसत हसत सांगितलं, "तुझ्या बाबांनी चियाचा चमचा कोरडाच तोंडात टाकला, वर दोन घोट पाणी, आणि मग अर्धा तास छाती चोळत बसले." मला काही हसू आलं नाही. फोनवर बाबा मला बोलू देत नाहीत, म्हणून पत्र.

बाबा, हे बी आपल्या वजनाच्या दहा-बारा पट पाणी ओढून घेतं. एका वाटीत चमचाभर टाकून बघा. पहिली पाच मिनिटं नुसतं तरंगतं, मग प्रत्येक दाण्याभोवती काचेसारखा चिकट थर चढतो आणि अर्ध्या तासात वाटी हलवली तरी सांडत नाही. कोरडं खाल्लं की हाच कारभार अन्ननलिकेत होतो. तुम्हाला तर भाकरीचा घाससुद्धा ताकाशिवाय उतरत नाही! रात्री भिजवा, सकाळी ताकात घालून घ्या. आणि कवळीखाली दाणे अडकतात, खाल्ल्यावर ती काढून धुवा.

आई, तू म्हणतेस हा सब्जाच. दोन्ही तुळशी-पुदिन्याच्या कुळातले, त्यामुळे तुझी चूक नाही. पण सब्जा काळा कुळकुळीत असतो आणि पाण्यात पडला की बघता बघता फुगतो. चिया करड्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, गुळगुळीत, आणि सावकाश फुगणारा. मूळचा मेक्सिको-ग्वाटेमालाकडचा. आता आपल्याकडे कर्नाटकात मैसूरकडेही पिकवतात.

गुण आहेत, नाही म्हणत नाही. दोन मोठ्या चमच्यांत, म्हणजे साधारण २८ ग्रॅममध्ये, सुमारे १० ग्रॅम तंतू, ५ ग्रॅम प्रथिनं, १८० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. पोट साफ व्हायला तंतूंची मदत होते. पण एकदम एवढं सुरू केलं तर पोट फुगतं आणि पाणी कमी प्यायलात तर उलट कोठा धरतो. सोलापूरच्या उन्हात तुम्ही तहान लागल्याशिवाय तांब्याला हात लावत नाही, हे मला माहीत आहे. एका लहान चमच्यापासून सुरुवात करा.

ओमेगा-३ चं, म्हणजे हृदयाला चांगल्या समजल्या जाणाऱ्या स्निग्धांशाचं, जे तुम्ही मला दोनदा फॉरवर्ड केलंत, की चिया खाल्ला की मासे नकोत, ते अर्धंच खरं. चियात ते भरपूर असतं, पण वनस्पतीतलं. माशातल्या प्रकारात त्याचं रूपांतर आपल्या शरीरात फार थोडं होतं. आणि तेच ओमेगा-३ आपल्या जवसात चियापेक्षा थोडं जास्तच असतं. म्हणजे आई खलबत्त्यात लसूण घालून जवसाची चटणी कुटते, ती इतकी वर्षं तुम्ही "शेंगाचटणी कुठाय?" म्हणत बाजूला सारत आलात! फक्त जवस कुटलेलंच हवं. अख्खं तसंच बाहेर पडतं. कॅल्शियम म्हणाल तर पॉलिश न केलेल्या तिळात चियाहूनही जास्त.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत लिहिते. बीपीची गोळी बंद करायची नाही. चियानं रक्तदाब थोडा उतरू शकतो असं म्हणतात, पण ते गोळीच्या जागी नव्हे. आणि रक्त पातळ करायची गोळी तुम्हाला चालू आहे, तेव्हा पुढच्या तपासणीला डॉक्टरांना चियाचं आपणहून सांगा. नाही सांगितलंत तर आई सांगेल, मी तिला बजावून ठेवलंय.

आणलेलं पाकीट टाकू नका, पैसे गेलेत. घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, चटण्यांच्या फळीवर ठेवा आणि वर कागद चिकटवून 'भिजवून' एवढं लिहा. बाबांचं अक्षर चांगलं आहे, त्यांच्याकडूनच लिहून घे.

पुढच्या शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसनं येतेय. परत येताना मला कडक भाकरी आणि जवसाची चटणी बांधून दे. शेंगाचटणी बाबांना राहू दे.

तुमची,
ताई