'पॉश'ची ती दंतकथाच

रविवारच्या पुरवणीतील मुंबईच्या गोदीवरील लेखात 'पॉश' शब्दाची जुनीच दंतकथा खरी म्हणून छापली आहे. भारतात येताना जहाजाच्या डाव्या आणि परतताना उजव्या बाजूची, उन्हाआडची केबिन घेणाऱ्या श्रीमंतांच्या तिकिटावर 'पोर्ट (डावी बाजू) आउट, स्टारबोर्ड (उजवी बाजू) होम'ची इंग्रजी आद्याक्षरे, म्हणजे POSH, असत, अशी ती कथा. तसा शिक्का असलेले एकही तिकीट आजवर सापडलेले नाही. ऑक्सफर्ड कोशही ही व्युत्पत्ती मानत नाही. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या चोरांच्या बोलीत 'पॉश' म्हणजे किरकोळ नाणे, पैसा; पुढे १८९० च्या कोशात छानछोकी माणूस. त्यामागे रोमानीतला, म्हणजे युरोपातील रोमा (जिप्सी) लोकांच्या भाषेतला, 'अर्धा' या अर्थाचा शब्द असावा, असा एक तर्क आहे. रोमानी तर आपल्या मराठीच्याच भाषाकुळातली! लेखात हा धागा यायला हवा होता.

- एक वाचक, ठाणे