तापमानाशेजारी वाऱ्याचा वेग आणि दिशाही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या हवामानाच्या चौकटीत कमाल-किमान तापमान आणि पावसाचा अंदाज रोज असतो. उघड्या माळावर गुरे चारणाऱ्या, गवत कापणाऱ्या किंवा माळाला लागून घर असलेल्या माणसाला कोरड्या हंगामात आणखी काही आकडे हवे असतात. दुपारी वारा किती, त्याचे झोत (मधूनच येणारे जोराचे झटके) किती, तो कोणत्या दिशेने येणार, कधी फिरणार आणि हवेतली आर्द्रता किती खाली उतरणार? वणव्याचा धोका याच आकड्यांवरून कळतो. ते तापमानाशेजारी छापावेत, या विनंतीसाठी हे पत्र आहे.

नुसत्या तापमानावरून आग जोखणे फसवे आहे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर काउंटीत ‘मार्शल फायर’ लागली ती ३० डिसेंबर २०२१ रोजी, भर हिवाळ्यात. झोत ताशी १६० किलोमीटरच्या वर गेले होते. जळालेले क्षेत्र जेमतेम २५ चौरस किलोमीटर, पण त्यात हजाराहून जास्त घरे राख झाली. त्या वर्षी आधी पाऊस बरा झाल्याने गवत उंच वाढले आणि पुढचे कित्येक महिने कोरडे गेले. चांगल्या पावसानंतरचा कोरडा काळ माळासाठी सर्वात वाईट असतो, कारण जळायला माल भरपूर असतो. आगीच्या दुसऱ्याच दिवशी तिथे बर्फ पडला.

सहा मिलिमीटरपेक्षा बारीक काडी तासाभरात हवेशी जुळवून घेते. ओंडका सुकायला आठवडे लागतात, गवताला एक सकाळ पुरते. म्हणूनच पहाटे दवाने भिजलेला माळ दुपारी दोनला पेटायला तयार असतो आणि ‘परवाच शिंतोडे पडून गेलेत’ हा भरवसा कामाचा नसतो. हवेतली वाफ तेवढीच राहून तापमान साधारण ११ अंशांनी चढले की सापेक्ष आर्द्रता निम्म्यावर येते. पहाटे २० अंशांना ६० टक्के असलेली हवा ३१ अंशांना तिशीत येते आणि ४२ अंशांना १५-१७ टक्क्यांवर उतरते. अमेरिकेच्या हवामान खात्याचा वणव्याच्या धोक्याचा ‘रेड फ्लॅग’ इशारा कोरड्या भागांत साधारणपणे आर्द्रता १५ टक्के किंवा कमी आणि झोत ताशी ४० किलोमीटर किंवा जास्त, तेही काही तास टिकणार असतील, तेव्हा दिला जातो. मर्यादा प्रदेशानुसार बदलतात, पण दोन्ही आकडे एकत्र पाहावे लागतात. रात्री वारा पडला नाही, तर गवत पुन्हा ओलसर होत नाही आणि दुसरा दिवस पहिल्यापेक्षा वाईट उजाडतो.

पूर्ण वाळलेल्या गवतात आगीचे तोंड ढोबळमानाने वाऱ्याच्या एक पंचमांश वेगाने सरकते. वारा ताशी ५० किलोमीटर असेल तर आग ताशी १० किलोमीटर. सपाट रस्त्यावर माणूस थोडा वेळ एवढ्या वेगाने धावेल, पण धुरात आणि गुडघाभर गवतात त्याला ते जमणार नाही. चढ असेल तर दर १० अंशांच्या उताराला हा वेग दुप्पट होतो. जोराच्या वाऱ्यात जळालेला पट्टा भाल्यासारखा लांबट होतो. पुढे अरुंद तोंड, दोन बाजूंना लांबच लांब बगला. बगलेची आग बुटकी आणि मंद असते, त्यामुळे तिथे उभ्या माणसाला ती आटोक्यात आल्यासारखी वाटते.

सर्वात मोठा घात इथेच होतो. वारा काटकोनात फिरला की एक अख्खी बगल एका क्षणात तोंड होते. दोन किलोमीटर रुंदीचे तोंड पाहून नेमलेली माणसे आणि टँकर अचानक वीस किलोमीटरच्या आघाडीसमोर उभे राहतात. टेक्सासच्या उत्तरेकडील माळरानात २६ फेब्रुवारी २०२४ रोजी लागलेल्या ‘स्मोकहाउस क्रीक’ आगीत हेच झाले. आधी पश्चिमेकडच्या वाऱ्याने ती पूर्वेला लांबवर पळवली. मग थंड हवेची आघाडी आली, वारा उत्तरेकडून वाहू लागला आणि आगीची लांब दक्षिण बगल पेट घेत पुढे सरकली. शेवटी १० लाख एकरांहून जास्त क्षेत्र जळाले. ऑस्ट्रेलियात १६ फेब्रुवारी १९८३ च्या वणव्यांत ७५ माणसे गेली. त्यातल्या व्हिक्टोरिया राज्यातली बहुतेक मनुष्यहानी वारा फिरल्यानंतरची होती. म्हणून ‘वारा आज नैऋत्येचा’ एवढे छापून भागणार नाही. तो किती वाजण्याच्या सुमारास कोणत्या दिशेला वळेल, हेही छापायला हवे. वाऱ्याचा सरासरी वेग आणि झोताचा वेगही वेगवेगळा द्यावा. ठिणगी उडते आणि खांब पडतो तो झोताने.

हाताशी उपकरण नसले तरी वारा डोळ्यांनी मोजता येतो. धूळ आणि कागद उडू लागले, बारीक फांद्या हलू लागल्या की ताशी २० ते २८ किलोमीटर. छोटी झाडे डुलू लागली की २९ ते ३८. मोठ्या फांद्या हलतात, तारा शिट्टी वाजवतात तेव्हा ३९ ते ४९. अख्खे झाड हलू लागले, वाऱ्याविरुद्ध चालणे जड झाले की पन्नाशीच्या पुढे. तारांची शिट्टी ऐकू आली की गवतातली सगळी यंत्रे बंद करावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

यंत्रांनी आग कशी लागते, हे अनेकांना ठाऊक नसते. गवत कापणाऱ्या यंत्राचे पाते दगडावर आपटले की ठिणगी उडते. ट्रॉलीची लोंबणारी साखळी रस्त्यावर घासत जाते आणि एकाच फेरीत चार-पाच ठिकाणी आग लावते. मोटारीच्या धूरनळीवरचा धूर शुद्ध करणारा भाग काही शे अंश तापतो, म्हणून वाळक्या गवतावर गाडी उभी करू नये. मळणीयंत्रात धूरनळीजवळ भुसा साठतो, सुकलेले बेअरिंग लाल होते. दर काही तासांनी यंत्र थांबवून भुसा झाडावा, वंगण पाहावे. वेल्डिंग, ग्राइंडर सकाळीच उरकावे, तेही उघड्या मातीवर आणि पाणी जवळ ठेवून. विजेच्या सैल तारा झोताने एकमेकींवर आपटतात आणि वितळलेले ॲल्युमिनियमचे थेंब खालच्या गवतात पडतात. दोन तारांमधले अंतर राखणारे स्पेसर, ताण दिलेल्या तारा, कुजलेले खांब बदलणे आणि खांबाभोवतीचे गवत मुळापासून काढणे हे काम हंगाम सुरू होण्याआधी झाले पाहिजे.

जाळरेषेबद्दलही, म्हणजे आग अडवायला गवत काढून ठेवलेल्या पट्ट्याबद्दलही, गैरसमज फार. नांगराने माती उलटवून काढलेला पट्टा उभ्या ज्वाळेच्या उंचीच्या दीडपट तरी रुंद हवा, पण हा शांत हवेचा हिशेब आहे. वाऱ्यात ज्वाळा आडवी होते, सुके शेण पेटून घरंगळत पट्टा ओलांडते. गवताची ठिणगी लवकर विझते, शेणाची धग तासन्‌तास टिकते. म्हणजे एकच रेघ वाऱ्यातल्या आगीचे तोंड अडवेल ही आशा धरू नये. तिचा उपयोग बगल थोपवायला आणि पाय रोवून काम करायला. याहून चांगले म्हणजे समांतर दोन पट्टे नांगरून मधले गवत आधीच, वारा मंद आणि हवा ओलसर असताना, परवानगी घेऊन, माणसे आणि पाणी हाताशी ठेवून जाळून टाकणे. गवत नुसते कापून जागेवर ठेवले तर काहीच साधत नाही. ते ओढून बाहेर काढावे लागते. घराभोवती पहिल्या दीड मीटरमध्ये जळण्यासारखे काहीही नको: ना सरपण, ना गवताची गंजी, ना वाळला पाला.

आग लागली तर आधी कळवा: जागा, वाऱ्याची दिशा, कोणत्या वाटेने पोहोचता येईल. तोंडासमोर कधीही उभे राहू नका. सुरुवात मागच्या टोकापासून, एक पाय जळालेल्या जमिनीवर ठेवून, बगलेने पुढे. ओले गोणपाट किंवा हिरवी फांदी दाबून धरायची. उचलून झोडपले तर ठिणग्या उडतात. ज्वाळा १.२ मीटरहून लांब असेल तर हातांनी होणारे काम नाही, २.४ मीटरच्या वर गेली तर टँकरनेही समोरून भिडू नये. अंगावर सुती किंवा लोकरीचे कपडे हवेत, नायलॉन वितळून चिकटते. गुरांना दावणीला बांधून ठेवू नका. नायलॉनची दावी, म्होरक्या काढून त्यांना आधीच नांगरलेल्या किंवा चरून उघड्या पडलेल्या रानात न्या, रस्त्यावर सोडू नका.

गाठले गेलात तर सर्वात सुरक्षित जागा म्हणजे जळून गेलेला माळ. अमेरिकेत मोंटानातल्या मॅन गल्च इथे ५ ऑगस्ट १९४९ रोजी आग विझवणाऱ्यांचे तुकडीप्रमुख वॅग डॉज यांनी समोरचे गवत स्वतः पेटवले, त्या राखेत पालथे पडून राहिले आणि वाचले. त्या आगीत १३ जण दगावले. गाडीत असाल तर दाट धुरात गाडी घालू नका. उघड्या मातीवर थांबा, काचा आणि हवेच्या झडपा बंद करा, दिवे चालू ठेवा, खिडकीच्या खाली वाकून लोकरीची घोंगडी पांघरा. गवताच्या आगीची भिंत बहुधा मिनिटाभरात पुढे जाते. घात होतो तो घाबरून बाहेर पळाल्याने.

विझलेल्या आगीचे काय, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. मार्शल आगीच्या तपासात दोन उगम निघाले. एक विजेची सुटलेली तार. दुसरा, आगीच्या सहा दिवस आधी काडीकचरा जाळून मातीने झाकलेल्या जागेतला निखारा, जो झोतांनी उघडा पाडला. माती टाकल्याने आग विझत नाही, दडते. राख उकरून पाणी ओतायचे, ढवळायचे, पुन्हा ओतायचे आणि हाताची पालथी बाजू जवळ नेऊन ऊब पाहायची. असा निखारा पुढच्या जोराच्या वाऱ्याची वाट पाहत राहतो, त्यामुळे कोरड्या हंगामात चौकटीत आजच्या वाऱ्याबरोबर पुढच्या सहा-सात दिवसांचे झोतही द्यावेत.

आपला,
एक नियमित वाचक