शिबिराची पहिली सकाळ

जळगाव,
१८ एप्रिल

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. चोपड्याजवळच्या शाळेत चार दिवसांचं शिबिर, १० ते १४ वर्षांची ३६ मुलं, त्यातली निम्मी सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरची आणि बाकीची यावल, धरणगाव, अमळनेरकडची. बेत छान आहे. फक्त वेळापत्रकात तू ‘सकाळी ७ ते ८ : प्रत्येकाने उभे राहून आपली ओळख करून द्यावी’ असं लिहिलंयस, ते आधी खोडून टाक.

एकेकाला दीड मिनिट धरलं तरी ५४ मिनिटं जातात. तेवढा वेळ प्रत्येक मूल आपली पाळी कधी येते या धास्तीत बसतं. मनात स्वतःचं वाक्य घोळत असल्यामुळे शेजारच्याचं नाव कानावर पडूनही डोक्यात शिरत नाही आणि पाळी झाली की सुटलो म्हणून लक्ष उडतं. घरी पावरी ही सातपुड्यातल्या आदिवासींची बोली बोलणाऱ्या मुलीला तर पस्तीस अनोळखी चेहऱ्यांपुढे पुस्तकी मराठीत उभं राहावं लागतं. ती ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटते, मागून कुणीतरी ‘मोठ्यानं’ म्हणतं, आणि पुढचे चार दिवस ती तोंड उघडत नाही. पहिल्या तासात कुणालाही एकट्याला सगळ्यांपुढे उभं करायचं नाही, एवढं एक पथ्य पाळ. आधी सगळ्यांनी मिळून हालचाल, मग दोघा-दोघांचं बोलणं, मग बारा-बारांच्या गोलात नावं. हा क्रम उलटा करू नकोस.

मुलं आल्याआल्या छातीवर नावाची पट्टी लाव. दोन इंच रुंदीची कागदी चिकटपट्टी घे. एका मुलाला १० सेंटीमीटर लागते, म्हणजे ३६ मुलांना दिवसाला ३.६ मीटर. वीस मीटरचं एक रीळ चार दिवस पुरून उरतं. घामानं पट्टी सुटते, म्हणून रोज सकाळी नवी द्यायची. गळ्यात दोरी घालून पुठ्ठ्याची पाटी अडकवू नकोस, पळापळीत ती कुठेतरी गुंतते. पट्टीवर नाव मुलानंच लिहायचं, आणि तेही ज्या नावानं हाक मारलेली त्याला आवडते तेच. आडनाव नको. आपल्याकडे आडनाव ऐकलं की जात कळते, आणि एकदा ती कळली की बाराव्या वर्षाचं पोरगंसुद्धा कुणाशेजारी बसायचं ते ठरवून टाकतं. ‘बाबा काय करतात’ हेही विचारू नकोस. कुणाचे वडील ऊसतोडीला गेलेले असतात, कुणाचे हयात नसतात.

पहिला खेळ भरीत पार्टीचा. यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. मैदानावर खडूनं किंवा काठीनं ३५ छोटी वर्तुळं आख, सगळी मिळून एक मोठा गोल होईल अशी. शेजारच्या दोन वर्तुळांच्या मध्यबिंदूंत साठ सेंटीमीटर अंतर ठेवलंस तर मोठ्या गोलाचा व्यास सुमारे सात मीटर येतो, तेवढी मोकळी जागा बघून ठेव. प्रत्येक वर्तुळात एक मूल, आणि छत्तिसावं मध्ये. पहिल्यांदा मध्ये एखाद्या धीट मुलालाच घे. आता गोलानं मोजत नावं वाट : भरीत, भाकरी, ठेचा, कांदा, परत भरीत, भाकरी, ठेचा, कांदा. मधल्यालाही एक नाव. मध्ये उभं असलेलं मूल आपलं नाव सांगतं, सगळे ते नाव एका आवाजात म्हणतात, मग ते ओरडतं ‘ठेचा!’ सगळ्या ठेच्यांनी जागा बदलायची, आणि त्या गडबडीत मधल्यानं एखादं वर्तुळ पकडायचं. ज्याला जागा मिळाली नाही तो मध्ये. ‘भरीत पार्टी!’ म्हटलं की सगळेच उठतात.

तू म्हणशील, एकट्याला पुढे करायचं नाही आणि हा तर मध्ये उभा. फरक असा की इथे त्याला एकच शब्द बोलायचाय, आणि सगळे स्वतःच्या पळण्याच्या तयारीत असल्यामुळे कुणाचे डोळे त्याच्यावर खिळलेले नसतात. तरीही कुणी सलग दोनदा मध्ये अडकलं तर तिसऱ्यांदा तू जा.

या खेळाचं खरं काम वेगळंच आहे. मुलं आपल्या गावच्या पोराला चिकटून उभी राहतात. ‘अरे, मिसळा ना’ म्हणून ती मिसळत नाहीत, उलट घट्ट होतात. इथे मोजताना शेजारी-शेजारी उभ्या दोन मित्रांपैकी एक भरीत होतो आणि दुसरा भाकरी, त्यामुळे ‘भरीत पार्टी!’ सोडली तर ते एकाच वेळी उठतच नाहीत. सात-आठ मिनिटांत प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना अनोळखी मूल आलेलं असतं, आणि कुणी कुणाला हलवलं असं कुणालाच वाटत नाही. त्याच क्षणी खेळ थांबव. लांबवलास तर मोठी मुलं मुद्दाम मध्ये राहायला लागतात आणि धक्काबुक्की सुरू होते. वर्तुळांच्या जागी बारदानाचे तुकडे टाकू नकोस, मैदानाऐवजी शहाबादी फरशीवर खेळवलंस तर ते सरकतात आणि गुडघे फुटतात.

थांबले तिथेच शेजारच्याशी जोडी करायला लाव. जोडीला तीन मिनिटं आणि तीनच प्रश्न : तुला कोणत्या नावानं हाक मारू, तुझ्या गावाजवळून कोणती नदी किंवा नाला जातो, आणि तुझ्या हाताला काय चांगलं जमतं. भाकरी थापणं, झाडावर चढणं, गोफण फिरवणं, चित्र काढणं, काहीही चालेल. बोलणं कोणत्याही भाषेत होऊ दे. ‘तुनं नाव काय शे?’ असं तू स्वतःच सगळ्यांसमोर एकदा विचारलंस की अहिराणी बोलणाऱ्या पोरांचे खांदे सैल पडतात. पावरी आणि तावडी बोलीतला असाच एकेक प्रश्न शिबिरात मदतीला असलेल्या तुझ्या ताई-दादांकडून आधी शिकून घे, आणि उच्चार नीट घोटून घे, चुकीच्या उच्चारावर हशा पिकला तर ती भाषाच हसण्यावारी जाते.

मग त्याच क्रमानं बारा-बारांचे तीन गोल, प्रत्येकी पावणेतीन मीटर व्यासाचे, एकेका गोलात एक ताई किंवा दादा. नावाचा चेंडू चिंध्यांचा हवा. टेनिसचा उसळतो, आणि तो आणायला धावण्यातच निम्मा वेळ जातो. सुरुवातीला सगळ्यांचे हात वर. ज्याच्याकडे टाकायचा त्याचं नाव आधी घ्यायचं, त्यानं बघितलं की मगच टाकायचा. ज्यानं झेलून पुढे टाकला त्यानं हात मागे बांधायचे, म्हणजे कोण राहिलं ते दिसतं आणि चेंडू चार मित्रांतच फिरत नाही. शेवटचा पहिल्याकडे टाकतो. हाच क्रम कायम ठेवून दुसरी फेरी थोडी वेगानं, तिसऱ्या फेरीत दुसरा चेंडू सोड, मग तिसरा. नाव विसरलं तर पट्टी वाचायला पूर्ण मुभा. चेंडू पडला तरी कुणी बाद नाही. बाद होण्याचे खेळ पहिल्या दिवशी ठेवूच नकोस, त्यात सगळ्यात आधी बाजूला बसतं ते बुजरं मूलच.

याच बारांच्या गोलात ‘माझं नाव, माझ्या आधीच्याचं नाव, त्याच्या आधीच्याचं नाव’ अशी साखळीही खेळतात. मला ती आवडत नाही. पहिल्याला एकच नाव लागतं आणि शेवटच्याच्या माथी बारा येतात.

नावं तोंडात बसली की तापी मांड. एक जुनं नऊवारी लुगडं घे आणि मैदानावर पूर्व-पश्चिम अंथर. आठेक मीटरची नदी तयार. उत्तरेला मुलांच्या चपला ओळीनं लावल्या की सातपुडा झाला. दक्षिणेला दोर टाक, ती भुसावळहून जळगाव, धरणगाव, अमळनेर, नंदुरबारकडे जाणारी रेल्वे. आता प्रत्येकानं आपलं गाव जिथे असेल तिथे जाऊन उभं राहायचं. यावल-चोपड्याची मुलं उत्तर काठावर, धरणगाव-अमळनेरची दक्षिण काठावर. कोण पूर्वेला, कोण पश्चिमेला यावर वाद होतील, ते होऊ दे, बोलणं त्यातूनच सुरू होतं. एक अडचण मात्र नक्की येणार : एका गावची मुलं पुन्हा एका ठिकाणी गोळा होतील. म्हणून दोन मिनिटांतच ‘नदी ओलांडा’ म्हण. प्रत्येकानं पलीकडच्या काठावरचा एक जोडीदार शोधायचा आणि एकाच वस्तूला दोन्ही घरांत काय म्हणतात ते विचारून यायचं. शिंकाळं, पाटा, सरडा, वाटेल ते. काठांवर मुलं सारखी नसतील तर तिघांचा गट करायचा.

दुपारी वर्गात चिंचोक्यांचा खेळ चालेल. प्रत्येकाला पाच म्हणजे १८० लागतात, पण २०० घेऊन जा. सरकी वापरू नकोस, पाकिटातल्या पेरणीच्या रंगीत बियाण्याला औषध चोळलेलं असतं. मुलांनी वर्गात फिरत एकमेकांना प्रश्न विचारायचे. जो ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणेल त्यानं एक चिंचोका द्यायचा. ‘हां’, ‘हाव’ आणि मान डोलावणं धरायचं की नाही ते आधीच ठरव, नाहीतर भांडणं होतात. चिंचोके संपलेल्यानंही प्रश्न विचारत राहायचं, त्याला परत मिळवता येतात. आठ मिनिटं पुरेत.

चादरीचा पडदा तिसऱ्या दिवशी घे. दोन बाजू, मध्ये धरलेली गोधडी, दोन्हीकडून एकेक मूल पुढे बसतं, पडदा पडला की समोरच्याचं नाव जो आधी घेईल तो जिंकला. या खेळात पट्ट्या उलट्या लावायच्या, म्हणून नावं पक्की व्हायच्या आत तो खेळलास तर एखादं मूल ‘माझं नाव कुणालाच आठवत नाही’ असं मनात घेऊन जातं. पातळ चादरीतून सावली दिसते. गोधडी घे आणि ती पूर्व-पश्चिम ताणून धर, म्हणजे सकाळचं ऊन तिच्या कडेवर पडेल, अंगावर नाही.

वाढदिवसाच्या महिन्याप्रमाणे रांग लावायचा खेळ तू यादीत लिहिलायस, तो काढ. खरी जन्मतारीख माहीत नाही म्हणून दाखल्यावर १ जून पडलेली मुलं आपल्याकडे अजून निघतात आणि त्यांना हसतात. त्याऐवजी वितीच्या लांबीप्रमाणे रांग लावायला सांग, तळवे जवळ धरून मोजताना आपसूक बोलणं होतं. मात्र मुलामुलींना पहिल्या दिवशी हात धरायला लावू नकोस. हात धरायचे खेळ असतीलच तर दोघांच्या मध्ये रुमाल धरायला दे.

एखादं मूल खेळायला येणारच नाही. ‘लाजू नको’ म्हणू नकोस. त्याच्या हातात शिट्टी दे, चिंचोके वाटायला दे, लुगड्याचं टोक धरायला दे. दुसऱ्या फेरीत ते स्वतःहून आत येतं, आणि नाही आलं तरी शिट्टीवाला म्हणून त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक झालेलं असतं.

मैदानावरचे खेळ साडेआठच्या आत आटप. एप्रिलअखेर पारा ४२ च्या वर जातो, आणि तापल्या मातीवर अनवाणी पोरं पळू शकत नाहीत. माठ मैदानाच्या कडेला सावलीत ठेव, दर वीस मिनिटांनी पाणी.

चिंध्यांचे नऊ चेंडू आणि चिंचोके इथं तयार आहेत. शनिवारच्या चोपडा एसटीनं पाठवतो. लुगडं मात्र तिकडेच बघ, आणि निळं मिळालं तर उत्तम.

तुझाच,
मित्र